गुन्हा एकच, पायऱ्या अनेक : फौजदारी न्यायालयांची उतरंड आणि जातीचा गुन्हा



महागाव तालुक्यातल्या एखाद्या गावात जातीवरून मारहाण झाली, तर न्यायाच्या किती पायऱ्या असतात? पहिली पायरी महागावातच आहे. ती म्हणजे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचे न्यायालय. आपण त्याला साध्या भाषेत जे.एम.एफ.सी. कोर्ट म्हणतो. त्याच्या वर पुसदला अतिरिक्त सत्र न्यायालय आणि जिल्ह्याच्या ठिकाणी यवतमाळचे जिल्हा व सत्र न्यायालय. त्याच्या वर मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ. सर्वात वर दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय.

ही उतरंड सगळ्यांना ढोबळमानाने माहीत असते. पण या प्रत्येक पायरीवर बसलेल्या न्यायाधीशाच्या हातात किती वर्षांची शिक्षा आहे, हे आपल्या किती कार्यकर्त्यांना सांगता येईल? मोर्चात आपण 'कठोर शिक्षा झालीच पाहिजे' अशी घोषणा देतो. ज्या न्यायालयात केस उभी राहणार, त्याला तेवढी शिक्षा देण्याचा अधिकार तरी आहे का, हे आपण विचारत नाही. आणि त्याहून मोठा प्रश्न म्हणजे, केस कोणत्या पायरीवर उभी राहणार हे ठरवते कोण?

माझे म्हणणे असे आहे की, एखाद्या गुन्ह्याला राज्यव्यवस्था कोणत्या पायरीवर बसवते, त्यावरून त्या गुन्ह्याची आणि तो सोसणाऱ्या माणसाची तिच्या लेखी किंमत किती आहे ते कळते. जातीचा गुन्हा वरच्या पायरीवर न्यायला आपल्या समाजाला पिढ्यानपिढ्या झगडावे लागले. आज तोच गुन्हा पोलीस ठाण्याच्या टेबलावर, फिर्याद लिहिताना, गुपचूप खाली उतरवला जातो. म्हणून हा इतिहास समजून घेणे गरजेचे आहे.

कोणाच्या हातात किती शिक्षा?

आधी आजची स्थिती पाहू. १ जुलै २०२४ पासून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यानुसार द्वितीय वर्ग न्यायदंडाधिकारी जास्तीत जास्त १ वर्ष कैद आणि १०,००० रुपये दंड देऊ शकतात. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी जास्तीत जास्त ३ वर्षे कैद आणि ५०,००० रुपये दंड. मुख्य न्यायदंडाधिकारी ७ वर्षांपर्यंत कैद. सत्र न्यायाधीश आणि अतिरिक्त सत्र न्यायाधीश कायद्यात सांगितलेली कोणतीही शिक्षा देऊ शकतात, अगदी फाशीसुद्धा. मात्र उच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केल्याशिवाय फाशी अमलात येत नाही. जुन्या संहितेत १० वर्षांपर्यंत शिक्षा देणारे सहायक सत्र न्यायाधीश होते. नव्या कायद्यात ती पायरी काढून टाकली आहे.

आता एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. एखाद्या गुन्ह्याला कायद्यात ५ वर्षांची शिक्षा लिहिलेली असते आणि तरी तो खटला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर चालतो. म्हणजे कायद्यात ५ वर्षे आणि न्यायाधीशाच्या हातात ३ वर्षे. 'या आरोपीला माझ्या अधिकारापेक्षा जास्त शिक्षा हवी' असे त्यांना वाटले, तर त्यांनी प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे असते. कायद्याच्या पुस्तकातला आकडा आणि न्यायालयाच्या हातातला आकडा यात असे अंतर असते. पुढे आपल्या कायद्याचा विचार करताना हे अंतर आठवा.

उतरंड जुनीच आहे

न्यायाची उतरंड इंग्रजांनी आणली असे पुस्तकात शिकवतात. न्यायालयांची उतरंड त्यांनी आणली, हे खरे. पण शिक्षेची उतरंड या देशात फार आधीपासून होती. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात शिवीगाळीच्या एकाच गुन्ह्याला चार वर्णांसाठी चार हिशेब आहेत. ब्राह्मणाने क्षत्रियाचा अपमान केला तर ५० पण दंड, वैश्याचा केला तर २५ आणि शूद्राचा केला तर १२. उलट शूद्राने ब्राह्मणाचा अपमान केला तर त्याची शिक्षा दंडात नव्हे, शरीरावर भोगायची. म्हणजे गुन्हा काय केला यापेक्षा कोणी कोणाविरुद्ध केला, यावर शिक्षा ठरत होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जे पुस्तक जाळले गेले, ते एका अर्थाने दंडसंहिताही होते, हे विसरू नका.

कंपनी सरकारनेही सुरुवातीला या उतरंडीला हात लावला नाही. बनारस प्रांतात १७९५ च्या नियमाने ब्राह्मणाला फाशीतून सूट दिली होती. ती १८१७ मध्ये काढली गेली. पुढे १८६० ची भारतीय दंडसंहिता आली, ती १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. १८६१ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहिता आली. कागदावर तरी खुनाला, चोरीला, मारहाणीला सर्वांसाठी एकच कलम झाले. आपल्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हती.

पण इंग्रजांनी स्वतःसाठी मात्र वेगळी पायरी राखून ठेवली. जिल्ह्यातल्या हिंदी न्यायाधीशाने गोऱ्या आरोपीचा खटला चालवायचा नाही, असा त्यांचा कायदा होता. १८८३ मध्ये लॉर्ड रिपनच्या काळात इल्बर्ट विधेयक आले. वरच्या पदावर पोचलेल्या हिंदी न्यायाधीशांना तो अधिकार द्यावा, एवढेच त्यात होते. त्यावर गोऱ्या मळेवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी देशभर आकांडतांडव केले. शेवटी १८८४ मध्ये तडजोड झाली. गोऱ्या आरोपीला निम्मे ज्युरी गोरे मागण्याचा हक्क मिळाला. फौजदारी खटल्यांतला हा वंशभेद कायद्यातून पुसायला १९४९ साल उजाडावे लागले.

यातून आपण काय शिकायचे? राज्यकर्त्या वर्गाला पक्के ठाऊक होते की, न्यायालयाची पायरी म्हणजे प्रतिष्ठा. आपला खटला कोण चालवणार आणि तो किती शिक्षा देऊ शकणार, यावर त्यांनी आपली सगळी ताकद पणाला लावली. आपण मात्र हा विषय 'वकिलांचे काम' म्हणून सोडून देतो.

महाडचे आरोपी आणि चार महिने

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत दंडाधिकाऱ्यांचे तीन वर्ग होते. पहिल्या वर्गाला २ वर्षे कैद आणि १,००० रुपये दंड, दुसऱ्याला ६ महिने आणि २०० रुपये, तिसऱ्याला १ महिना आणि ५० रुपये. ही संहिता चालू असतानाच २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. पाणी पिऊन परतणाऱ्या आपल्या माणसांवर सवर्णांनी लाठ्याकाठ्यांनी हल्ला केला. त्याचा फौजदारी खटला झाला. नऊ आरोपींपैकी पाच जणांना जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी ६ जून १९२७ रोजी चार महिन्यांची सक्तमजुरी ठोठावली.

चार महिने! शेकडो माणसांच्या माणूसपणावर झालेल्या हल्ल्याची ही किंमत. तरीही बाबासाहेबांनी या निकालाचे मोल ओळखले. जिल्ह्यातले मुख्य अधिकारी अहिंदू नसते तर एवढाही न्याय मिळाला नसता, असे त्यांनी नंतर म्हटल्याचे धनंजय कीर यांनी चरित्रात नोंदवले आहे. त्या खटल्यात कायदाही तोच होता आणि संहिताही तीच. फरक पडला तो खुर्चीवर कोण बसले आहे याने.

याच तळ्याचा दिवाणी दावा मात्र वर्षानुवर्षे पायऱ्या चढत राहिला. महाडच्या न्यायालयातून ठाण्याला आणि तिथून मुंबई उच्च न्यायालयात. १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. ओंजळभर पाण्याचा हक्क सर्वात वरच्या पायरीवर मान्य व्हायला दहा वर्षे गेली. बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर होते, म्हणून तो दावा शेवटपर्यंत टिकला. गावातल्या मजुराचा दावा दहा वर्षे टिकला असता का?

कलेक्टर वेगळा, न्यायाधीश वेगळा

त्या काळातला जिल्हा दंडाधिकारी म्हणजे जिल्ह्याचा कलेक्टरच. सारा वसूल करणारा तोच, पोलिसांवर देखरेख ठेवणारा तोच आणि शिक्षा देणाराही तोच. आपल्या वऱ्हाडात त्याला डेप्युटी कमिशनर म्हणत. महागाव-पुसदचा हा भाग १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यात होता, मग यवतमाळला जोडला गेला. जिल्हा बदलला, तरी साहेबाच्या हातात महसूल, पोलीस आणि दंड एकत्र असण्याची पद्धत बदलली नाही. तालुक्याला तहसीलदाराकडेही दंडाधिकाऱ्याचे अधिकार असत. ज्या तहसीलदाराचे रोजचे उठणेबसणे गावच्या पाटलाबरोबर, त्याच्यासमोर पाटलाविरुद्ध तक्रार घेऊन कोणी जायचे?

हे बाबासाहेबांना नीट माहीत होते. म्हणून २४ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी संविधान सभेत न्यायव्यवस्था आणि प्रशासन वेगळे करण्याचे नवे कलम मांडले. सुरुवातीच्या मसुद्यात तीन वर्षांची मुदत होती. दुसऱ्याच दिवशी ती मुदत काढण्यात आली आणि हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत, आजच्या अनुच्छेद ५० मध्ये राहिले. मुदत गेली तसा वेळही गेला. साऱ्या देशासाठी एकसारखी विभागणी १९७३ च्या संहितेने केली, तीही १ एप्रिल १९७४ पासून. न्यायदंडाधिकारी उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत आले. तहसीलदार आणि उपविभागीय अधिकारी कार्यकारी दंडाधिकारी म्हणून उरले. संविधान लागू झाल्यावर चोवीस वर्षांनी.

आज तहसीलदाराला गुन्ह्याची शिक्षा देण्याचा अधिकार नाही. पण शांतता राखण्यासाठी बंधपत्र घेण्याचा अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आहे. गावात आपण त्याला 'चॅप्टर केस' म्हणतो. वस्तीवर हल्ला होतो, आणि चॅप्टर केस मार खाणाऱ्यांवर आणि मारणाऱ्यांवर सारखीच लागते. 'दोन्ही गट' हा शब्द कागदावर आला की गुन्हा नाहीसा होतो आणि उरते ते भांडण. भांडणाला आरोपी नसतो, फक्त दोन बाजू असतात. जातीचा गुन्हा न्यायालयाच्या पायरीपर्यंत पोचूच न देण्याची ही सर्वात सोपी युक्ती आहे.

बैलाला पाच वर्षे, माणसाला सहा महिने

अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि ती पाळणे हा कायद्याने शिक्षेचा गुन्हा ठरवला. ती शिक्षा सांगणारा कायदा यायला १ जून १९५५ उजाडला. त्याचे नाव अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम. त्यात शिक्षा किती होती? मंदिरात, विहिरीवर, हॉटेलात माणसाला जातीवरून अडवले तर जास्तीत जास्त ६ महिने कैद किंवा ५०० रुपये दंड. शिवाय न्यायालयाच्या परवानगीने तडजोडही करता येत होती.

आता याची १८६० च्या दंडसंहितेशी तुलना करा. साध्या चोरीला ३ वर्षे. दुसऱ्याचा बैल मारला किंवा लंगडा केला तर कलम ४२९ खाली ५ वर्षांपर्यंत कैद. बैल लंगडा करणाऱ्याला पाच वर्षे आणि माणसाला विहिरीवरून हाकलणाऱ्याला सहा महिने! बैलाला संरक्षण नको असे मी म्हणत नाही, बैल गरीब शेतकऱ्याचाही असतो. पण स्वतंत्र भारताच्या संसदेने संविधानानंतर पाच वर्षांनी जो तराजू धरला, त्यात आपल्या माणसाचे वजन किती भरले ते पाहा. अस्पृश्यतेला गुन्हा म्हटले खरे, पण बसवले सर्वात खालच्या पायरीवर.

बाबासाहेब १६ सप्टेंबर १९५४ रोजी राज्यसभेत या विधेयकावर बोलले. त्यांचा आक्षेप नावापासून होता. हा कायदा नागरी हक्कांच्या संरक्षणाचा आहे, तेव्हा नावातही तेच असले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा ऐकले गेले नाही. १९६५ मध्ये नेमलेल्या एलयापेरुमाळ समितीने १९६९ मध्ये अहवाल दिला, आणि १९७६ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले. तडजोडीची वाट बंद झाली, किमान एक महिन्याची शिक्षा आली. पण जास्तीत जास्त शिक्षा ६ महिनेच राहिली, न्यायालय दंडाधिकाऱ्यांचेच राहिले आणि बहुतेक गुन्ह्यांत संक्षिप्त पद्धतीने खटला उरकण्याची सोय झाली. पुढे २००८ च्या ग्राम न्यायालय कायद्याने हाच कायदा ग्राम न्यायालयाच्या यादीत घातला. 'न्याय दारी' म्हणून त्याचे स्वागत झाले. पण ज्या गावाने बहिष्कार टाकला, त्याच गावाच्या दडपणाखाली तो खटला चालणार, याचा विचार कोणी केला?

१९८९ : पायरी बदलली

या पार्श्वभूमीवर अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम १९८९ चे महत्त्व कळते. तो ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. आपण या कायद्याला 'अटकपूर्व जामीन नाही' एवढ्यावरून ओळखतो. पण त्याचा खरा कणा कलम १४ आहे. या कलमाने प्रत्येक जिल्ह्यात एका सत्र न्यायालयाला विशेष न्यायालय नेमण्याची तरतूद केली.

मघाशी सांगितलेले अंतर आता आठवा. अत्याचाराच्या बहुतेक गुन्ह्यांना या कायद्यात ६ महिने ते ५ वर्षे शिक्षा आहे. कलम १४ नसते, तर सर्वसाधारण नियमाने हे खटले प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर गेले असते आणि त्यांच्या हातात तीनच वर्षे आहेत. कलम १४ ने हा गुन्हा उचलून थेट सत्र न्यायालयात नेला. जातीवाचक अपमान हा खुनाच्या खटल्याच्याच दर्जाच्या न्यायालयात चालेल, असे कायद्याने प्रथमच म्हटले. हा शिक्षेपेक्षाही मोठा निर्णय होता, कारण तो प्रतिष्ठेचा होता.

पण इथेही आडकाठी आली. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गंगुला अशोक प्रकरणात म्हटले की, विशेष न्यायालयाला थेट दखल घेता येणार नाही, आधी दंडाधिकाऱ्यांनी खटला त्यांच्याकडे वर्ग करावा लागेल. म्हणजे पुन्हा खालच्या पायरीवर चक्कर. ही अडचण २०१५ च्या दुरुस्तीने दूर केली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. विशेष न्यायालयाला थेट दखल घेण्याचा अधिकार मिळाला. दोषारोपपत्र दाखल झाल्यापासून शक्यतो दोन महिन्यांत खटला निकाली काढायचा, असे ठरले. पीडित आणि साक्षीदारांचे हक्क सांगणारे कलम १५अ आले. जामिनाच्या सुनावणीची सूचना पीडिताला दिलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हरिराम भांभी प्रकरणात स्पष्ट केले.

मधल्या काळात २० मार्च २०१८ रोजी, म्हणजे नेमक्या महाड सत्याग्रहाच्या तारखेला, महाराष्ट्रातूनच गेलेल्या सुभाष महाजन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेपूर्वी परवानगी आणि प्राथमिक चौकशीच्या अटी घातल्या. २ एप्रिलला भारत बंद झाला. संसदेने कलम १८अ आणले, आणि १ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने आपले ते निर्देश मागे घेतले. सर्वात वरच्या पायरीलाही रस्त्यावरचा आवाज ऐकू जातो, हे त्या वर्षी सिद्ध झाले.

वरची पायरी म्हणजे आपोआप न्याय नव्हे

इथे थोडे थांबून स्वतःलाही प्रश्न विचारले पाहिजेत. खटला सत्र न्यायालयात गेला की जिंकलो, असे आहे का? विदर्भाचाच अनुभव घ्या. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. तो मथुरा खटला म्हणून ओळखला जातो. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. १९७६ मध्ये नागपूर खंडपीठाने दोषी धरले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. तीन पायऱ्या आणि तीन निकाल. मधल्या पायरीवर मिळालेला न्याय सर्वात वरच्या पायरीने काढून घेतला. देशभर संताप झाला आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलावा लागला.

खैरलांजी तर आपल्या काळजावरची जखम. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी धरून सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. अनेकांनी पेढे वाटले. पण निकालात अत्याचार प्रतिबंध कायद्याखाली शिक्षा नव्हती. जातीवरून हा गुन्हा झाला, हेच न्यायालयाने मान्य केले नाही. १४ जुलै २०१० ला नागपूर खंडपीठाने फाशीचे रूपांतर २५ वर्षांच्या जन्मठेपेत केले आणि जातीचा मुद्दा तिथेही टिकला नाही. त्या वेळच्या कलम ३(२)(५) मध्ये पीडित अनुसूचित जातीचा आहे 'या कारणावरून' गुन्हा केला, हे सिद्ध करावे लागत होते. २०१५ च्या दुरुस्तीने ते बदलले आणि जात माहीत असताना गुन्हा केला एवढे पुरेसे झाले. भैयालाल भोतमांगे २०१७ मध्ये गेले. सर्वात मोठी शिक्षा मिळाली, पण गुन्ह्याचे खरे नाव निकालपत्रात आले नाही.

आणि खर्डा? २८ एप्रिल २०१४ ला जामखेड तालुक्यात नितीन आगे या शाळकरी मुलाचा खून झाला. खटला सत्र न्यायालयात चालला, जिथे फाशीपर्यंतचे अधिकार आहेत. साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपी सुटले. न्यायाधीशाच्या हातात फाशी असून काय उपयोग, साक्षीदार गावात एकटा पडला तर?

म्हणून 'फाशी द्या' या घोषणेबद्दलही विचार करा. ३ जून १९४९ ला संविधान सभेत सर्वोच्च न्यायालयाकडे फौजदारी अपील जावे की नाही यावर चर्चा चालू होती. तेव्हा बाबासाहेबांनी फाशीची शिक्षाच रद्द करण्याच्या बाजूने मत मांडले. आपला लढा दोरखंडासाठी नाही. गुन्ह्याला त्याच्या खऱ्या नावाने ओळखले जावे आणि दोषी ठरलेला दोषीच राहावा, यासाठी आहे. आपला इतिहास सांगतो की सौम्य पण खात्रीची शिक्षा गावात जास्त बोलते. महाडचे चार महिने त्याचे उदाहरण आहेत.

पायरी ठरते ठाण्यात

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. केस कोणत्या पायरीवर उभी राहणार हे ठरवते कोण? पहिला निर्णय न्यायाधीश करत नाही, फिर्याद लिहिणारा हात करतो.

समजा, एका मजुराला मजुरी मागितली म्हणून चौकात जातीवाचक शिवीगाळ करून थापडा मारल्या. ठाण्यात लिहिले, 'शिवीगाळ केली व थापडबुक्क्यांनी मारहाण केली.' तर गुन्हा अदखलपात्र. एन.सी. फाडून हातात दिली जाते. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपासही करू शकत नाहीत. जास्तीत जास्त शिक्षा एक-दोन वर्षे आणि तीही क्वचितच कोणाला होते. पण त्याच फिर्यादीत नेमके शब्द, दोघांची जात, चौकात कोण कोण हजर होते हे लिहिले, तर तो अत्याचार प्रतिबंध कायद्याचा गुन्हा होतो. गुन्हा दखलपात्र, तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे, अटकपूर्व जामिनाला बंदी आणि खटला विशेष सत्र न्यायालयात. माणूस तोच, थापड तीच, चौकही तोच. चार ओळींच्या फरकाने केस तळाच्या पायरीवरून सत्र न्यायालयात जाते. ठाणेदाराच्या टेबलावर त्या चार ओळी गळाल्या की, १९५५ ते १९८९ पर्यंतचा सारा प्रवास एका मिनिटात उलटा फिरतो.

'खोट्या केसेस होतात' असे म्हणणाऱ्यांनाही हेच सांगायचे आहे. खरी केस एन.सी.च्या कागदात गाडली जाते, तिची मोजदाद कुठे होते? खोटी फिर्याद तपासायला तपास आहे, जामीन आहे, खटला आहे. न लिहिलेली फिर्याद तपासायला काहीच नाही.

म्हणून तालुक्यातल्या आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने काही गोष्टी अंगवळणी पाडाव्यात. फिर्याद वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. शिवीचे नेमके शब्द, जागा, वेळ आणि हजर लोक लिहून घ्यावेत. गुन्हा चार भिंतींच्या आत झाला की लोकांच्या नजरेसमोर, हे स्पष्ट लिहावे, कारण २०२० च्या हितेश वर्मा निकालानंतर त्यावर केस टिकते किंवा पडते. फिर्यादीची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्यावी. ठाण्यात नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे, तिथेही दाद न लागल्यास न्यायालयात जावे. कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाला कलम ४ खाली ६ महिने ते १ वर्ष शिक्षा आहे, हे शांतपणे आठवण करून द्यावे. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे साक्षीदाराला एकटे पडू देऊ नये. तारखेला पुसदला किंवा यवतमाळला जाणाऱ्या मजुराची दिवसाची मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे लागते. नियमांत साक्षीदारांच्या प्रवासभत्त्याची सोय आहे, ती मागावी. ती मिळेपर्यंत वस्तीने वर्गणी काढावी. जयंतीच्या वर्गणीतला थोडा वाटा तारखांसाठी ठेवला, तर बाबासाहेबांना ते नक्कीच आवडेल.

नागपूर आपल्याला दीक्षाभूमीमुळे माहीत आहे. १९५६ मध्ये तिथे जायला वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांतून आपली माणसे निघाली, तेव्हा त्यांनी धर्माची उतरंड नाकारली. त्याच नागपुरात आपल्या जिल्ह्याच्या खटल्यांचे अपील चालते. न्यायाची उतरंड मात्र नाकारून चालणार नाही. ती आपल्याला चढायची आहे. बाबासाहेबांनी 'शिका' म्हटले, त्यात कायद्याच्या या पायऱ्या शिकणेही आले.

पुढच्या वेळी वस्तीतला कोणी रक्ताळलेला चेहरा घेऊन तुमच्याकडे आला, तर मोर्चाची तारीख ठरवण्याआधी त्याच्याबरोबर ठाण्यात जा आणि फिर्यादीत काय लिहिले जात आहे ते पाहा.

जयभीम! जय संविधान!